आमोण्याचं बुडालेलं तारू

डिचोलीची बस आमोण्याला थांबली तेव्हा दामोदरभाऊ आणि प्रभावतीवहिनी मला घ्यायला उभे होते. भाऊ माझ्या यजमानांचे नोकरीतले जुने सोबती. त्यांच्या आजोबांचं मिठाचं तारू (गलबत) इथंच मांडवी नदीत बुडालं. आजोबाही त्यातच गेले, देह सापडला नाही. ती जागा पाहायला मी कोल्हापुरातून आले होते.

सुकतीला (ओहोटीला) आम्ही होडीतून निघालो. पाणी उतरलं तशा गाळातून तारवाच्या काळ्या बरगड्या वर आल्या. भोवती बांबू रोवून लाल फडकी बांधलेली. इथं कुणी जाळं टाकत नाही, होड्या वळसा घालून जातात.

भाऊ आज एक सुटी फळी घरी नेणार होते. वहिनींना ते पसंत नव्हतं.

"पुरात सगळं वाहून गेलं, तर आज्याचं म्हणून काय उरणार?" भाऊ म्हणाले.

"आजे इथं आहेत. घरात नुसतं लाकूड येईल," वहिनी म्हणाल्या.

भाऊ पाण्यात उतरले. मदतीला मीही उतरले, आणि घोट्यापर्यंत रुतले.

"सांबाळून गो बाय, रेंदो (चिखल) आसा!" वहिनी ओरडल्या. मला ओढून काढताना दोघंही हसली, तेवढाच त्यांचा वाद निवळला.

घरी आणून फळी तुळशीपाशी ठेवली. शेजारीपाजारी आले. एका म्हातारीने तिला हळद-कुंकू लावलं, दुसरीने नुसताच हात फिरवला. मग आम्ही तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि उंडे (कडक पाव) खाल्ले. हात धुऊन बाहेर आलो, तर उन्हात फळीला उभी चीर गेलेली. कड बोटांनी चुरत होती. भाऊंनी ओलं गोणपाट घातलं, घागरीने पाणी ओतलं. चीर वाढतच राहिली.

शेवटी भाऊंनी फळीचं एक टोक धरलं. वहिनींनी दुसरं टोक उचललं.

पाणी चढायच्या आत आम्ही परत गेलो. भाऊंनी फळी बरगड्यांमध्ये गाळात दाबली आणि बराच वेळ हात पाण्याखालीच ठेवला.

"थंय बरी आसा," एवढंच ते म्हणाले. तिथंच बरी आहे.

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा तो हात आठवत राहिला. आजोबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी आजारी माणसाला पांघरूण घालावं, तसा तो गाळ त्यांनी फळीवर सारखा केला होता.