न वाढलेलं ताट

सन एकोणीसशे नव्व्याण्णव. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण चुलीपुढं. दापोलीकडून मुंबईच्या हॉटेलात आणि तिथून आखातात, दोह्याला. रास लफानच्या गॅस प्लांटवर एक इटलीचे इंजिनियर होते, त्यांच्या घरी मी स्वयंपाकी होतो. नोकर नव्हे, स्वयंपाकी. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो.

साहेब आधी गुजरातेत कामाला होते. तिथं आचाऱ्याला महाराज म्हणतात, म्हणून मलाही महाराजच म्हणत. मला ते आवडायचं. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चाले.

घरात माणूस एक, पण टेबलावर ताटं दोन मांडायची, असा त्यांचा हुकूम. पहिल्या दिवशी मी विचारलं, "साहेब, कोण येणार आहे?"

"येणार नाही. आहेच."

मी समजलो, कुणीतरी गेलेलं माणूस. आमच्याकडे गेलेल्याचं पान मांडलं की ते वाढतात. मी डावभर भात त्या ताटात घालायला गेलो, तर साहेबांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"महाराज, त्याला वाढायचं नाही. वाढण्यातच तो गेला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं घराणं एका अख्ख्या शहराचं मालक. सावकारीतून वर आलं, राजवाडे बांधले, घरातला एकजण पोपच्या गादीवरही बसला. शहराची सत्ता थोरल्या भावाकडे, पण लोकांचा जीव धाकट्यावर. एका मेजवानीत थोरल्यानं धाकट्याला स्वतःच्या हातानं वाढलं. धाकटा टेबलावरच संपला. त्यांच्या आईनं तेव्हाच ठरवून टाकलं, या घराण्याच्या प्रत्येक टेबलावर त्याचं ताट मांडायचं आणि त्यात कुणी काही वाढायचं नाही. तेव्हापासून त्यांच्यात धाकटा भाऊ थोरल्याच्या टेबलावर जेवत नाही.

"कधी झालं हे?" मी हळहळून विचारलं. मला वाटलं, गेल्या साली वगैरे.

"पाचशे वर्षं झाली."

मी हसणार होतो, पण त्यांचं तोंड बघून भाताचा डाव परत पातेल्यात ठेवला.

ते कोरडं ताट मी रोज धुवायचो. हळूहळू मी त्या खुर्चीच्या बाजूनं वाढायचं सोडलं, लांबून फिरून जायचो. भीती नव्हे. पण एसी बंद असला तरी तिथं अंगाला गारवा लागायचा. एकदा चुकून खुर्चीला धक्का लागला, तर माझ्या तोंडून "माफ करा" निघून गेलं.

मग एके दिवशी साहेब स्वयंपाकघरात आले. "माझा धाकटा भाऊ येतोय. दोघांनाही मूलबाळ नाही. आमच्यानंतर घराणं खलास. महाराज, त्यानं एकदा माझ्याकडे जेवावं, एवढंच."

"जेवेल की. माझ्या हातचं कोण सोडतो?"

सकाळी बाजारातून ताजा हामूर मासा आणला. भाजला, वर टोमॅटोचा रस, सोबत त्यांचा पास्ता. संध्याकाळी ताटं तीन मांडली. भाऊ आला. साहेबांचंच नाक, तसेच खांदे. बसला. साहेब त्याला वाढायला गेले, तसा तो खुर्चीतच मागे सरला. मग मी वाढलं. तरी त्यानं काट्याला हात लावला नाही. स्वतःच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तेवढंच पाणी प्यायला.

साहेबांची मान खाली गेली. मासा निवत चालला.

माझं डोकं सणकलं. तुमचे पाचशे वर्षांचे भाऊ तुमच्यापाशी, हा मासा मी रांधलाय! ती रिकामी खुर्ची ओढली आणि बसलो. भावाच्या ताटातला अर्धा मासा उचलून त्या कोरड्या ताटात घेतला आणि हातानं खाऊ लागलो.

साहेब ताडकन उठले. भाऊ त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" मी तोंडात घास ठेवूनच विचारलं.

"कसा झालाय, विचारतो."

"निवला, म्हणावं. आता तरी खा."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी माशाचे काटे काढून बाजूला ठेवत होतो. मग त्यानं एक घास घेतला. पुन्हा एक. साहेब उभेच होते, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. त्या खुर्चीत कधी कुणी बसत नसे, तरी बसल्याबरोबर ती मला उबदार लागली. कुणी नुकतंच उठून जागा दिल्यासारखी.

भाऊ झोपायला गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "महाराज, उपकार झाले. पण तुम्ही त्याच्या जागी बसलात. आता तो कुठं बसेल?"

"बघतो मी त्याचं," म्हणालो. रात्रभर पाठीशी कुणी उभं असल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली, भात लावला आणि तेच ताट भरून वर दही घातलं. मागच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून भिंतीवर ठेवलं आणि मराठीतच म्हणालो, "घे बाबा, जेव. आधी मी खाऊन बघितलंय." आणि मागं वळून न बघता आत आलो.