शाल पांघरून पाहिलेला सामना

मी गाव सोडलं त्या दिवशी मिरज स्टेशनवर आपल्या कबड्डी मंडळाची पोरं आली होती. मला वाटलं, निरोपाला आली. ती आली होती खेळताना गुडघ्यांवर चढवायच्या टोप्या परत न्यायला. टोप्या मंडळाच्या मालकीच्या, आणि गाडी हलायच्या आत त्या माझ्या पिशवीतून निघाल्याच पाहिजेत, असा ठराव झालेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः पिशवी उघडून त्या काढून दिल्या. आई म्हणाली, "घेऊ द्या की, तितं नव्या मिळतील माझ्या लेकाला." मी दिल्लीला गेलो तो असा उघड्या गुडघ्यांनी. आज तुम्हा गाववाल्यांना लिहायला बसलोय तर पहिल्यांदा हेच आठवलं. राग नाही. गावाचा हिशेब गावासारखाच असायचा.

दिल्लीने मात्र मला जवळ केलं, हे मान्य करायला हवं. थंडीत हाडं वाजायची, मेसमधली रोजची डाळ घशाखाली उतरायची नाही, आणि माझं हिंदी ऐकून दिल्ली संघाचा सगळा कॅम्प हसायचा. हसायचा नाही तो एकटा जसबीर. कबड्डीत बचाव करताना दोघं दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहतात, त्याला आपण साखळी म्हणतो. मी डाव्या कोपऱ्यात, जसबीर माझ्या शेजारी. समोरचा चढाई करत आत आला की मी त्याचा घोटा धरायचो आणि जसबीर वरून अंगावर पडायचा. कितीतरी वर्षं मी बायकोपेक्षा जास्त वेळ त्या माणसाचा हात धरला असेल. डोळे मिटूनही मला कळायचं की त्याचा हात आता घट्ट होणार आणि आम्ही उडी घेणार.

बायको मंजिरी. जन्माने दिल्लीकर, मराठी घरातली, सरकारी नोकरीत. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये साबुदाणा खिचडीच्या रांगेत ओळख झाली. सरोजिनी नगरचं क्वार्टर तिच्या नावावर. त्या घरात मी वर्षातले मोजके महिने राहायचो, कारण पुढे बंगळुरूच्या संघाने भरपूर पैसे देऊन मला नेलं. तुम्ही गावात फटाके वाजवले होते. मी मात्र तिथे हॉटेलच्या खोल्यांत राहिलो आणि मुलीला, ईराला, मोबाइलवरून मोठी होताना पाहिलं.

गेल्या वर्षी जसबीरचा फोन आला. तो आता दिल्लीचा प्रशिक्षक झाला होता. म्हणाला, "घर आ जा भाई. पैसे कम हैं, पर टीम तो अपनी है." पैसे कमी म्हणजे निम्म्याहूनही कमी. बंगळुरूवाले मला सोडायला तयार नव्हते, आणखी दोन हंगाम देत होते. मी हो म्हणायला पाणी प्यायचाही वेळ घेतला नाही. पस्तिशी उलटलेल्या माणसाला कुणी "घरी ये" म्हटलं की त्याची अक्कल गहाण पडते.

मंजिरीने एकच प्रश्न विचारला. "अरे, त्यांनी तुला प्रेमाने बोलावलंय की स्वस्तात पडतोस म्हणून? एकदा क्लिअर करून घे ना यार." मी तिच्यावर भडकलो. तुला खेळातलं काय कळतं, म्हणालो. ईरा मध्येच म्हणाली, "बाबा, म्हणजे आता तुम्ही इथेच राहणार? पक्का?" मी म्हटलं, पक्का. मला फक्त एक हंगाम हवा होता. जिथे सुरुवात केली त्या मॅटवर, डाव्या कोपऱ्यात, घरच्यांच्या समोर. त्यासाठी मी पैसे सोडले होते, आणि सोडताना फार मोठं मन असल्यासारखं वाटलं होतं.

कॅम्प गुरुग्रामला होता. जसबीरने पहिल्याच दिवशी मला मोहित नावाच्या पोराच्या शेजारी उभं केलं. विशीतलं, हरियाणातल्या भिवानीकडचं पोरगं, खांदे बैलासारखे, पण घोटा धरताना हात उशिरा जायचा. "इसको अपनी पकड़ दे दे," जसबीर म्हणाला. मी दिली. चढाईवाल्याच्या पायाकडे नाही, कमरेकडे बघायचं. पाय खोटं बोलतो, कंबर बोलत नाही. मोहित रोज सराव संपल्यावर माझ्या पाया पडायचा आणि मी फुशारून जायचो. सरावाला मला नेहमी दुसऱ्या संघात घालायचे. मला वाटायचं, म्हातारे गुडघे जपतायत. ज्याच्या सरणाची लाकडं त्यालाच फोडायला लावतात, तसं चाललं होतं, आणि मी घाव घालत होतो.

घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याआधी संघाच्या प्रसिद्धीवाल्या मुलीने सांगितलं, "सर, मम्मी-पापा को ज़रूर बुलाइए." पाठोपाठ दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या गृहस्थांचा फोन आला की सामन्याआधी मॅटवर आम्ही तुमचा सत्कार करणार, शाल आणि श्रीफळ. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे काय पद्धत आहे? मैदानाची पूजा होते, नारळ फुटतो, मानाच्या खेळाडूला शाल पांघरतात, तो ती पंचाच्या टेबलावर ठेवतो आणि खेळायला उतरतो. सत्कार म्हणजे आज भरवसा तुझ्यावर. मी तेवढंच शिकलो होतो. मी गावी फोन करून सांगितलं, मला खेळणाऱ्या सातांत घेतलंय, या. आईने ते गल्लीभर सांगितलं. ती दिल्लीला आली तेव्हा सरोजिनी नगरच्या बाजारातून मंजिरीने तिला गरम शाल घेऊन दिली, तर म्हणाली, "मला कशाला? त्याला मिळणारच हाय की."

सामन्याच्या दिवशी मी गुडघे बांधून, अंग गरम करून तयार होतो. गाणी वाजत होती. मराठी मंडळाच्या गृहस्थांनी मला शाल पांघरली, नारळ हातात दिला. मी शाल काढायला हात उचलला, तेवढ्यात दोघं जण एक मोठी काचेची चौकट घेऊन आले. आत माझी जर्सी होती. निवेदक हिंदी-इंग्रजीत ओरडत होता की दिल्लीच्या या जुन्या शेराला शेवटचा सलाम द्या. सगळं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या निवृत्तीची बातमी मला दिल्लीच्या हजारो लोकांबरोबरच कळली.

जसबीर पुढे आला आणि माझा हात धरला, अगदी साखळीत धरायचा तसा. "बुरा मत मान. ऊपर से आया है. इज़्ज़त से भेज रहे हैं भाई, इतनी इज़्ज़त किसको मिलती है?" मी विचारलं, "तू फोन केलास तेव्हाच तुला माहीत होतं?" रागात मराठीच बाहेर पडलं. एवढ्या वर्षांत त्याला माझं मराठी कळायला लागलं होतं. त्याने हात सोडला नाही. कॅमेरा समोर होता.

बाकावर बसायलाही मी त्या दिवसाच्या संघात नव्हतो. मला प्रेक्षकांत नेऊन आईच्या शेजारी बसवलं. आईने माझ्या खांद्यावरची शाल नीट केली, चौकट आप्पांच्या मांडीवर दिली आणि पुढे सरकून बसली. "कवा जायाचं तू आत?" मी म्हटलं, बघू. प्रत्येक चढाईनंतर ती विचारायची, "आता तरी उठवत्यात का तुला?" आमचा एकजण बाद होऊन बाहेर गेला की तिला वाटायचं, आता माझी पाळी. आप्पांनी निवेदकाचं हिंदी समजून घेतलं होतं. ते काचेवरून हात फिरवत खाली बघत राहिले. मंजिरी माझ्याकडे बघत नव्हती, आणि त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

शेवटच्या मिनिटाला मोहितने समोरच्या कप्तानाचा घोटा धरला. कमरेकडे बघून, वेळेवर, माझीच पकड. सामना जिंकला. आई टाळ्या वाजवून हरखून म्हणाली, "अगदी तुझ्यावाणी धरला की रं त्यानं!" त्या क्षणी मला त्या पोराचा गुडघा मोडावासा वाटला. खरं लिहितोय.

आईला घेऊन गावी परत जाताना स्टेशनवर आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला काय सांगू नगंस. मी बघतो." त्यांनी काय बघितलं ठाऊक नाही, पण आईच्या लेखी माझा गुडघा दुखावलाय आणि बरा झाला की मी उतरणार आहे. तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर ते दृश्य पाहिलंत. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी गिरणीवर, देवळात तुम्ही तिला विचारता, "काय मावशी, पोरगं शाल पांघरून मॅच बघतंय म्हणं?" चेष्टा चांगली जमते तुम्हाला. इथे कुणी विचारत नाही. ईराच्या अभ्यासाच्या टेबलामागे ती चौकट भिंतीला टेकवून ठेवलीय, कारण टांगायला जागा नाही. मंजिरी ऑफिसला जाते, ईरा शाळेत, आणि मी दोघींच्या घरात पाहुण्यासारखा पाय न वाजवता फिरतो.

गावी यावं, असं परवा फार वाटलं. तुमच्यातलेच जे इकडेतिकडे गेले त्यांना ठाऊक असेल, हरल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही. आईला फोन केला. म्हटलं, येतो महिनाभर. ती म्हणाली, "आत्ता नगं रं बाबा. लोक लई बोलत्यात. तू एकदा खेळ, त्यांची तोंडं बंद कर, आन् मग ये. तवर येऊ नगंस."

मी म्हटलं, बरं.