अर्धी लेडी

स्केल्बी गावात अ‍ॅव्हरिल हॅरोबीला तोंडावर ‘मिस हॅरोबी’ म्हणत आणि पाठीमागे ‘अर्धी लेडी’. पाठीमागे म्हणजे फार मागेही नाही. पोस्टाच्या खिडकीशी रांग लागली की दूधवाला डाऊज मुद्दाम मोठ्यांदा म्हणायचा, “हळू बोला रे, लेडीबाई तिकिटं फाडतायत!” मागून कुणीतरी हमखास पुस्ती जोडायचं, “अर्धीच हो, अर्धी!” अ‍ॅव्हरिल मान वर न करता विचारायची, “डाऊज, तुम्हाला तिकीटही अर्धंच देऊ का?” हा विनोद एकतीस वर्षं चालला. कुणालाच त्याचा कंटाळा आला नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही तो आवडायचा. त्यातल्या ‘अर्ध्या’त तिची बहीण होती.

हे अर्धेपण कुठून आलं ते सांगायचं तर पाचशे वर्षं मागे जावं लागतं. तेव्हाच्या राजाला पैसा हवा होता की सैनिक, देव जाणे. त्याने बड्या बड्या जमीनदारांना सभेची बोलावणी धाडली. त्यातलं एक स्केल्बीच्या रॉजर हॅरोबीला आलं. अमुक दिवशी या, बसा आणि आम्हाला सल्ला द्या, एवढाच मजकूर. रॉजर चिखल तुडवत गेला, सभेत बसला, बहुधा डुलक्याही काढल्या असतील, आणि घरी परतला. तुला आम्ही उमराव केलं, असं कुणी त्याला म्हटलं नव्हतं. पुढे वकिलांनी ठरवून टाकलं की ज्याला बोलावणं आलं आणि जो जाऊन बसला तो लॉर्ड, आणि त्याच्यामागे त्याच्या रक्ताचे वारसही लॉर्ड. झाली पदवी तयार, एका पत्रावर.

अशी पदवी मुलगा नसला तर मुलीकडे जाते. इथवर ठीक. पण मुली दोन निघाल्या की सगळा घोळ. मुलग्यांत थोरला असतो. मुलींत, त्या कायद्याच्या लेखी, थोरली-धाकटी नसतेच. सगळ्या सारख्या. आणि पदवी काही कापून वाटता येत नाही. म्हणून ती कुणालाच मिळत नाही, अधांतरी लटकत राहते; एका बहिणीचा वंश संपेपर्यंत, किंवा गादीवर असेल त्याने मेहेरबान होऊन दुसरीच्या ओंजळीत टाकेपर्यंत. शेवटच्या लॉर्ड स्केल्बींना मुली दोनच होत्या. अ‍ॅव्हरिल, आणि तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान लेटिस.

या लॉर्डसाहेबांपाशी पदवीखेरीज काहीच उरलं नव्हतं. हवेली त्यांच्या वडिलांनीच विकलेली. ते हवेलीच्या फाटकाशेजारी पूर्वी रखवालदार राहायचा त्या चार खोल्यांत राहत, आपला कोबी आपण लावत, आणि पत्राखाली नुसती ‘स्केल्बी’ अशी सही करत. उमरावाची सही अशीच असते. नाव नाही, आडनाव नाही. कोळशाच्या चार गोणी मागवल्या तरी खाली ‘स्केल्बी’. लहानपणी अ‍ॅव्हरिलला वाटायचं, पपा अख्ख्या गावासाठी कोळसा मागवतात.

रविवारी चहाला मनुकांचा पाव असायचा. आई नव्हती, पाव शेजारणीकडून यायचा, त्यावर लोण्याचा जाड थर. शेवटच्या तुकड्यावरून दोघींची जुंपायची म्हणून पपांनी नियम घालून दिला होता, एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. “म्हणजे कापणारीचा हात सरळ चालतो,” पपा म्हणायचे. नियम आळीपाळीचा होता. पण लेटी लहान, सुरी धारदार, त्यामुळे कापायचं काम अ‍ॅव्हरिलकडे आलं आणि ते तिच्याकडेच राहिलं.

एकतीस साली पपा गेले. दफन आटोपून दोघी स्वयंपाकघरात आल्या. वकील नुकताच सांगून गेला होता की दोघींपैकी कुणीही राजाकडे पदवीसाठी अर्ज करू शकते. दुसरीची संमती असली तर काम सोपं. लेटी ओल्या बुटांनिशी चुलीपाशी बसली होती. तीच म्हणाली, “अ‍ॅव्ही, आपण मागायचंच नाही. एकीने घेतली तर दुसरी कोण उरली? राहू दे दोघींची.”

“शपथ?”

“पपांची शपथ.”

लक्षात ठेवा, हे लेटी म्हणाली होती.

पुढच्याच हिवाळ्यात लेटीच्या छातीत क्षय निघाला. तिला दूर समुद्राकाठच्या रुग्णालयात ठेवलं. रात्रंदिवस उघड्या गच्चीवर, अंगावर चार घोंगड्या. तिथला खर्च भागावा म्हणून अ‍ॅव्हरिलने पोस्टाची नोकरी धरली. लॉर्डाची लेक तिकिटं विकायला बसली, गावाने तोंडात बोटं घातली. त्या सुमारास शाळेतले मास्तर, हर्बर्ट टूल, तिला मागणी घालून बसले होते. “लेटी बरी होऊ दे,” ती म्हणाली. मास्तर दोन वर्षं थांबले आणि मग बदली घेऊन नॉर्विचला गेले. भला माणूस होता, बिचाऱ्याला दोष देता येत नाही.

लेटीची पत्रं यायची ती रडकी. मी मरणार, मला काहीच मिळालं नाही, कुणी मला ‘लेडी’ म्हटलंसुद्धा नाही. एका रात्री पोस्ट बंद करून अ‍ॅव्हरिलने तिला हसवायला म्हणून लिहिलं, “बरी होऊन ये बघू. मनुकांच्या पावाचे दोन्ही तुकडे तुझे. आणि पपांची पदवीही सगळीच्या सगळी तुझी, मला त्यातली चिमूटभरही नको. तूच लेडी स्केल्बी, मी तुझी पोस्टवाली.” खाली एक चित्रही काढलं होतं, मुकुट घातलेल्या कोबीचं.

लेटी बरी झाली. लंडनला गेली, डबाबंद वाटाण्यांचा कारखाना असलेल्या बेझिल क्रेलशी तिचं लग्न झालं, पिअर्स नावाचा मुलगा झाला. वर्षातून तीनदा मोटारीने स्केल्बीला यायची, मनुकांच्या पावाचा तुकडा उचलायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. अ‍ॅव्हरिलचं म्हणाल तर तिने तक्रार केली नाही. बहीण जगली, एवढ्यावर ती खूश होती.

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये सकाळच्या थैलीत तिच्याच नावाचं एक जाड पाकीट आलं. लंडनच्या एका सरकारी कचेरीतून. तिने नियमाप्रमाणे आधी गावाचं टपाल लावलं, पोस्टमनला रवाना केलं, आणि मग ते फोडलं. आपल्या भगिनी श्रीमती क्रेल यांनी स्केल्बीची पदवी आपल्या नावे व्हावी म्हणून राणीसाहेबांकडे अर्ज केला आहे. आपली संमती म्हणून त्यांनी आपलं एक पत्र जोडलं आहे, त्याची छायाप्रत सोबत आहे. अक्षर आपलं आहे का, आणि मजकूर आपला आहे का, कृपया कळवावं.

छायाप्रतीत चुलीच्या धुराचा डागसुद्धा उमटला होता. पण कोबी नव्हता. चित्राच्या जागी कागद नीट दुमडून छायाप्रत काढली होती.

खिडकीवर डाऊज टकटक करत होता. “काय हो लेडीबाई, आज संप का?”

“उघडते,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने प्रथमच शिक्क्यावरची कालची तारीख न बदलता अकरा पत्रांवर शिक्का मारला.

बुधवारी पोस्ट अर्धा दिवस बंद असे. लेटी त्याच दुपारी आली, तार न करता. अंगात फरचा कोट, हातात मोटारीच्या किल्ल्या. अ‍ॅव्हरिलने सवयीने पाव कापला. लेटीने सवयीने मोठा तुकडा उचलला.

“तुला कागद आले असतील,” लेटी म्हणाली.

“आले.”

“मी आधीच सांगणार होते, अ‍ॅव्ही. पण पिअर्सची परीक्षा, बेझिलचा रक्तदाब...”

“तेहतीस वर्षं परीक्षा चालली होती का त्याची?”

लेटीने तुकडा बशीत ठेवला. “हे बघ, आता काळ बदललाय. गेल्या सालापासून बायकांनाही लॉर्डांच्या सभेत बसता येतं. तू जाऊन बसणार आहेस का तिथे? तू तर इथून लिंकनलासुद्धा जात नाहीस. आणि मागून पिअर्स आहे. तुला कोण आहे?”

“तू होतीस.”

“झालं, लागलीस बोलायला!”

“लेटी, तू पपांची शपथ घेतली होतीस. मी नाही, तू.”

“चोवीस वर्षांची होते गं मी! चोवीस वर्षांच्या पोरीने काहीही म्हटलं तर ते जन्मभर गळ्यात बांधून घ्यायचं?”

“मग बत्तीस वर्षांच्या बाईने आजारी बहिणीला हसवायला काही लिहिलं, तर ते सरकारात नेऊन द्यायचं का?”

लेटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “कागदावर ‘हसवायला’ असं लिहिलेलं नाही.”

“कोबी होता कागदावर.”

“काय?”

“काही नाही. लेटी, मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. मला मूलबाळ नाही. मी गेले की सगळं आपोआप तुझंच होतं. तेवढं थांबता आलं नाही तुला?”

आणि लेटी हसली. तिचं ते जुनं हसू, गालाला खळी पडणारं. “हॅरोबींच्या बायका नव्वदीपर्यंत जगतात, अ‍ॅव्ही. तू तर शंभरी गाठशील.”

अ‍ॅव्हरिलने किटली उचलली आणि दोघींचे कप भरले. “मागितली असतीस तर दिली असती,” ती म्हणाली. “तोंडाने मागायला हवी होतीस.”

“मागितली असती तर तू शपथेची आठवण करून दिली असतीस. मला तुझा तो चेहरा बघवला नसता.”

म्हणजे चेहरा बघावा लागू नये म्हणून बहिणीने एक पत्र एकतीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं. अ‍ॅव्हरिलला वाटायचं, आपली पत्रं लेटीने प्रेमाने जपली असतील. जपली होती खरी. ती निघून गेल्यावर अ‍ॅव्हरिल टेबलाशी बसली आणि घळाघळा रडली, पपा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रडता रडता तिला बशीतला उरलेला लहान तुकडा दिसला, आणि जन्मभर आपणच कापत आलो आणि तिनेच उचललं, हे तिला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

उत्तर द्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. तेरा दिवस ते कागद तराजूखाली पडून राहिले. सुटका सोपी होती. ‘थट्टेत लिहिले’ एवढे दोन शब्द लिहायचे, की लेटीचा अर्ज कोसळला. गावातल्या एकमेव मैत्रिणीने, पाद्र्याची विधवा मिसेस गेडनीने, तिला तेच सांगितलं. “लिही आणि मोकळी हो! तिने तुझा केसाने गळा कापला, आणि तू काय तिला सुरीला धार लावून देणार?”

“मेबल, ते थट्टेत नव्हतं पण.”

“अगं, कोबीला मुकुट घातला होतास ना!”

“कोबी थट्टेत होता. बाकीचं नाही.”

तेच तर होतं. त्या रात्री लेटी जगावी म्हणून कुणी तिचा उजवा हात कापून मागितला असता तरी तिने दिला असता. पदवी काय चीज होती? आता सूड म्हणून ‘ते खोटंच होतं’ असं लिहून द्यायचं, तर आपल्या हाताने आपलं प्रेम खोटं ठरवायचं. ते तिला जमेना. चौदाव्या दिवशी तिने फाउंटन पेन भरलं आणि लिहिलं, “अक्षर माझे. मजकूर माझा. त्या वेळी मनापासून लिहिला होता.” पाकीट तिने स्वतः तोललं, तिकीट लावलं, शिक्का मारला आणि लंडनच्या थैलीत टाकलं. लेटीला तिने काहीच लिहिलं नाही.

नोव्हेंबरात पदवी लेटीच्या नावे झाल्याचं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आलं. फोटोत फरचा कोट, शेजारी पिअर्स. गावाने चार दिवस तो अंक फिरवला. पोस्टाच्या रांगेत मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. डाऊज आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “दोन तिकिटं द्या, मिस हॅरोबी.”

नुसतं ‘मिस हॅरोबी’. मागून कुणी पुस्ती जोडली नाही. पदवी गेल्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. तिने तिकिटं फाडून दिली आणि उगाच पुन्हा तपासली. “आता अर्धीसुद्धा नाही राहिले, डाऊज,” असं ती म्हणाली खरी, पण तो बिचारा हसावं की नाही या विचारात तसाच बाहेर पडला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्रीम रंगाचं एक पाकीट आलं. पत्त्यावर लेटीचं वळणदार अक्षर. तिने ते पेपरकटरने बाजूने अलगद उघडलं. पहिल्यांदा सभेत बसते आहे, त्यानंतर जवळच्या मंडळींसाठी दुपारचं जेवण ठेवलं आहे, तू यावंस असं वाटतं, पपांना बरं वाटलं असतं, पुढच्या सोमवारपर्यंत कळव म्हणजे खुर्च्या ठरवता येतील. पत्र टाइप केलेलं होतं. खाली शाईने एकच शब्द होता.

स्केल्बी.

लेटी नाही, लेटिस नाही. पपांची सही. शेवटच्या अक्षराला पपा जसा झोका देत, तसा झोकाही होता. म्हणजे तिने गिरवून गिरवून सराव केला असणार. अ‍ॅव्हरिलच्या उशाशी पपांच्या सहीच्या कोळशाच्या चार चिठ्ठ्या होत्या, वारसा म्हणून एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. आता तेही बहिणीने उचललं होतं.

तिने पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि कडेला डिंक लावून बंद केलं. पत्र परत पाठवायची कारणं ठरलेली असतात. पत्ता अपुरा. घर सोडून गेले. मयत. घेण्यास नकार. एकतीस वर्षांत तिने कुणाच्याही पाकिटावर या चारांखेरीज एक शब्द लिहिला नव्हता. तिने जांभळी पेन्सिल घेतली, चारही कारणं एकेक करून मनात म्हणून पाहिली, आणि त्यांतलं एकही न लिहिता पाकिटावर आडवं लिहिलं, “पत्ता बरोबर. पाठवणारी ओळखीची नाही.”

मग शिक्क्याची तारीख बघितली. आजचीच होती. तिने तो पाकिटावर मारला आणि पाकीट दुपारच्या थैलीत टाकलं.