गाठी न धरलेला वाटाणा

अंबडच्या आमच्या जिवाणू खताच्या कारखान्यात मी ऑफिसात बसायचो आणि प्रयोगशाळेत एक बाई काम करायच्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. बोलणं हळू, आणि वाक्य संपलं की समोरच्याकडे न बघता 'हो ना' म्हणायची सवय.

एकदा त्यांनी वाटाण्याचं रोप उपटून मला दाखवलं. आमच्या खतातले जिवाणू मुळांत शिरले की तिथे गाठी धरतात आणि त्यातून रोपाला नत्र मिळतं; या मुळांवर एकही गाठ नव्हती.

"या जिवाणूंच्या अंगावरचा साखरेचा चिकट थर गेलाय. त्यावरूनच मूळ त्यांना ओळखतं नि आत घेतं. हे बाहेरच राहिले, हो ना."

साहेबांनी सगळं टाकून द्यायला सांगितलं. मॅडमनी जिवाणू नष्ट केले, पण उरलेली रोपं खिडकीत ठेवली आणि त्यांना नत्र मिळावं म्हणून अधूनमधून युरियाचं पाणी घालू लागल्या.

"कशाला एवढं?" मी विचारलं.

"वाटाण्याचा काय दोष? सोबत मिळाली नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं, पाण्याचा ग्लास भरून ठेवला. मग, "तुम्ही बसा निवांत. मला कुणासमोर जेवायची सवय राहिली नाही," म्हणाल्या आणि आपला डबा घेऊन गच्चीवर गेल्या.