मास्तरांचा साक्षीदार

गाडी शिकवायच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, पण मास्तरांची चूक अशी कधी झालीच नव्हती. झाल्या त्या समोरच्याच्या, शिकणाऱ्याच्या, नाहीतर रस्त्याच्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे ते प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवत आणि स्वतःचं अंगण मात्र कायम वाकडंच ठेवत.

वर्षभरात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन पोचे आले, तेव्हा मालकांनी त्यांना आत बोलावलं.

"मास्तर, तुम्ही म्हणता तुमची चूक नाही. नसेल. पण तिसरा पोचा आला की किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं."

घरी बसायचं म्हणजे दिवसभर बायकोसमोर बसायचं, आणि ती त्यांच्याहून कडक मास्तरीण होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं ते पुटपुटले. पण मालकांना आरसाच हवा असेल तर घ्या म्हणावं! त्याच संध्याकाळी ते गाडीत लावायचा कॅमेरा घ्यायला गेले.

खिसा बेताचा होता. दुकानदाराने आधी मागच्या काचेवरही कॅमेरा असलेला दाखवला. "मागचं कशाला? माझा वैरी पुढेच असतो," मास्तर म्हणाले. मग स्क्रीनवाला दाखवला. "मोबाइल आहे की बघायला." कार्डावर मात्र दुकानदार अडून बसला. "काका, कॅमेरा साधा घ्या, पण कार्ड चांगलं घ्या. स्वस्तातलं कार्ड उन्हात मान टाकतं, आणि नेमकं हवं तेव्हा काही सापडत नाही." हे मास्तरांना पटलं. त्यांना सगळं सापडायला हवं होतं.

दुकानदाराने काच पुसून कॅमेरा आरशामागे चिकटवला, वायर छताच्या कडेने सरकवत दाराच्या रबराखालून खाली आणली, तारीख आणि वेळ लावली. शेवटी विचारलं, "आवाज चालू ठेवू की बंद? बरेच जण बंदच ठेवतात."

"चालू ठेवा. पैसे मोजलेत त्याचे."

पंधरा दिवसांत तिसरा पोचा आला. गाडी सिस्टर चालवत होत्या. सिस्टर म्हणजे तीस वर्षं हॉस्पिटलात रात्रपाळी करून निवृत्त झालेल्या, मास्तरांच्या दुपारच्या शिष्या. वळणापाशी गाडी एका फाटकाच्या खांबाला घासली. मास्तर काही बोलायच्या आतच त्या मालकांना म्हणाल्या, "माझंच चुकलं हो." मालकांनी त्यांची दुसऱ्या दिवशीची परीक्षा पुढे ढकलली आणि मास्तरांकडे बघत टेबलावर बोट आपटलं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "उद्या पुरावाच आणतो."

घरी त्यांनी मोबाइलवर चित्रण पाहिलं. बायकोचा डोळा लागला होता, म्हणून आवाज बंद ठेवला. सरळ रस्ता, शांत गाडी, आणि एकदम खांबाकडे वळलेलं नाक. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते चारदा पाहिलं. बिचाऱ्या सिस्टरची थोडी कीवही आली, नाही असं नाही.

सकाळी मालकांच्या टेबलावर मोबाइल ठेवला गेला. एका बाजूला सिस्टर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "वळणाच्या आधीपासून बघा," मास्तर म्हणाले. मालकांनी बघितलं आणि जरा बरं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला.

मोबाइलमधून घोरणं ऐकू आलं. चांगलं भरघोस, बिनधास्त घोरणं. मालकांनी मागे नेलं, तिथेही घोरणं. आणखी मागे, अठरा मिनिटं तेच. अधूनमधून सिस्टरचा हळू आवाज, "सिग्नल लागलाय, थांबते हं... आता वळते... झोपा तुम्ही." मग मास्तरांचाच ओरडा, "अहो ट्रक! ट्रक!" पाठोपाठ सिस्टर, "मास्तर, स्टिअरिंग सोडा!" आणि खर्रकन खांब. ट्रक रस्त्याच्या पलीकडे निवांत उभा दिसत होता.

मास्तरांचे कान लालभडक झाले.

"सिस्टर, उठवलं का नाही यांना?" मालकांनी विचारलं.

"झोपलेल्या माणसाला उठवायला माझा हातच होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या नोकरीची गोष्ट होती, त्यांनीच सांगितलं होतं मला. माझं काय, पुन्हा शिकले असते."

मालकांनी मोबाइल बंद करून बाजूला सारला. "अठरा मिनिटं भर बाजारातून एकट्याने गाडी नेलीत. तुमची परीक्षा आजच. मास्तर, यांना घेऊन जा. परत आलात की किल्ली टेबलावर."

सिस्टर पहिल्या फटक्यात पास झाल्या. परतताना गाडी त्याच चालवत होत्या. खांबाचं फाटक आलं, गेलं. आरशामागे कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. आवाज चालूच होता, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं.

"चूक माझी होती, सिस्टर," ते कॅमेऱ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणत होते, त्यामुळे आवाज जरा फाटला.

सिस्टरनी गिअर बदलला. "अजून दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "झोपा हवं तर."