कानबाईच्या दिवशी फॉरमॅटनाना

एका दसऱ्याला मी लॅपटॉपची पूजा केली. सगळेच करतात, मी साग्रसंगीत केली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि कडेच्या खाचेतही देव असेलच अशा भावानं तिथे चिमूटभर अक्षता. तेव्हा मी साठीची अल्लड पोरगी होते. माझा हा पराक्रम उघडकीला आणला आमच्या फॉरमॅटनानांनी.

नाना मूळचे साक्रीकडचे, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. जळगावात आमच्या समोरच राहायचे. कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध. आवाज येत नाही? फॉरमॅट. अक्षर बारीक दिसतं? फॉरमॅट. विंडोजची एक जुनी डिस्क कायम पिशवीत. "नव्या विंडोजमध्ये नुसता नखरा," म्हणायचे. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर तर बारमाही फॉरमॅट होत असे. मी तो चालू असलेला कधी पाहिला नाही.

काम फसलं तरी ते "फसलं" म्हणत नसत. "बठ्ठं जागावर शे, अक्का!" म्हणत, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. हे शब्द ऐकले की ऐकणारा आधी आपल्या कॉम्प्युटरकडे धावायचा.

आमच्या सासूबाई कानबाईची, म्हणजे श्रावणात घरी बसवतात त्या आमच्या खानदेशी देवीची, गाणी फार सुरेख म्हणायच्या. त्यांच्या शेवटच्या श्रावणात मी ती रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवली होती. हिवाळ्यात त्या गेल्या. ती गाणी दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नव्हती. पुढच्या श्रावणात रविवारी रोटांना, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जेवणाला, सगळी भावकी यायची, आणि त्यांच्या आवाजाशिवाय कानबाई बसवायची कशी, हा माझा घोर. त्यात आदल्या दिवशी लॅपटॉप रेंगाळायला लागला. मी शहाणी, नानांना हाक मारली.

नानांनी गाणी माझ्या पेनड्राइव्हमध्ये उतरवली, लॅपटॉप धुऊनपुसून कोरा केला, जुनी विंडोज चढवली आणि ऐटीत पेनड्राइव्ह खोचला. लॅपटॉपला त्याची ओळखच पटेना.

"ड्रायव्हर नाही," नाना म्हणाले. म्हणजे यूएसबीच्या खाचा चालवणारा छोटा प्रोग्रॅम. जुन्या विंडोजला या नव्या निळ्या खाचा ठाऊकच नव्हत्या.

"मग टाका की."

"टाकतो ना. आधीच उतरवून ठेवलाय, हुशारीनं."

"कुठे?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "पेनड्राइव्हमध्ये."

रविवार उजाडला. दुकानं बंद, आणि गल्लीतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांवर नानांचा हात आधीच फिरलेला. चुलीवर रोट भाजले जात होते. जाऊबाई सारख्या विचारत होत्या, "आईंचा आवाज कधी लावतेस गं?" मला रडू फुटायचं बाकी होतं.

"नाना, खरं सांगा. गेली का गाणी?"

त्या दिवशी पहिल्यांदाच ते "जागावर शे" म्हणाले नाहीत.

लॅपटॉप उलटापालटा करताना त्यांना उजव्या कडेला एक काळी खाच सापडली. जुन्या पद्धतीची, तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण पेनड्राइव्ह आत जाईना. नानांनी आत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी कानबाईकडे पाहिलं.

लॅपटॉप बंद करून त्यांनी गोधडीच्या सुईनं एकेक तांदूळ काढला, मग घरी जाऊन रंगाचा ब्रश आणला आणि कुंकू झटकलं. उभ्या गल्लीत त्यांचं हे एकच काम मी फॉरमॅटशिवाय पार पडलेलं पाहिलं.

थोड्या वेळानं सासूबाई गाऊ लागल्या. जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला, बाकीच्या बायका मागून सूर धरू लागल्या. कुणीतरी विचारलंच, "एवढा वेळ काय झालं होतं हो?"

"ड्रायव्हरची अडचण," नाना म्हणाले. जुन्या डिस्कबद्दल चकार शब्द नाही. माझ्या अक्षतांबद्दलही नाही.

नाना गेले त्याला काही वर्षं झाली. गल्लीतले कॉम्प्युटर निर्धास्त झाले. आम्ही मात्र थोडे पोरके झालो. दसऱ्याला मी लॅपटॉपची पूजा अजून करते, पण हात लांब ठेवून. त्या दिवशी रोट खाऊन निघताना, उंबऱ्यात चपला चढवता चढवता, नाना मला हळूच म्हणाले होते,

"अक्का, नैवेद्य दाखवायचा असतो. भरवायचा नसतो."