कल्याण मागताना

कयल अठरा वर्षांची व्हायला तीन महिने उरले होते आणि माझा देवावरचा भरवसा पार डळमळला होता. दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ती बालगृहातून माझ्याकडे, जॉर्ज टाउनमधल्या घरी, सांभाळायला आली. मी एकटी, कचेरीतून निवृत्त झालेली, तंजावरकडची मराठी, ती तमिळ. मला ती मामी म्हणायची. अठरा पूर्ण झाली की कागदावरचं आमचं नातं संपणार होतं. त्याआधी तिच्या पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा आराखडा लिहून द्या, असं त्या योजनेच्या समितीच्या बाई सांगून गेल्या होत्या, आणि ही पोर प्रवेशाच्या अर्जाला हात लावेना.

आराखडे करण्यात मी पटाईत. घराजवळच्या कॉलेजात बी.कॉम., मग बँकेच्या परीक्षा, डोक्यावर पंखा असलेली नोकरी, संध्याकाळी सहाला घरी. सगळं मोठ्या कागदावर मांडून मी भिंतीला चिकटवलं. खरं सांगते, त्या कागदावर तिच्यापेक्षा मीच जास्त होते. ती जवळ राहावी, एवढीच माझी आस. तुला काय वाटतं, असं विचारलं की ती मान खाली घालून म्हणायची, "उंग इष्टम, मामी." तुमची मर्जी. मला वाटे, एवढं केलं तरी हिला माया लागत नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. रोज सकाळी तिला शेजारी उभी करून मी मोठ्याने मागणं मागायची, "मारुतीराया, हिचं कल्याण कर, लवकर कर." ती मात्र दिवसेंदिवस अधिकच गप्प होत गेली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच गल्लीच्या टोकाच्या मारुतीला नेलं. देऊळ इतकं छोटं की दारातल्या फुलवालीला गाभाऱ्यातलं सगळं ऐकू येतं. त्या दिवशी नेहमीची फुलवाली नव्हती. तिच्या जागी एक अनोळखी म्हातारी मोगरा ओवत बसली होती. मी हात जोडून पुन्हा तेच म्हटलं. तशी म्हातारी हसली, "कल्याणमा? इंद चिन्न पोण्णुक्का?" लग्न? एवढ्याशा पोरीचं?

मीही हसले. अहो, आमच्या मराठीत कल्याण म्हणजे भलं होणं, असं तिला तमिळमध्ये सांगितलं आणि मागे वळले, तर कयल रडत होती.

जन्मभर दोन्ही भाषा माझ्याच तोंडात! बाहेर कोणाच्या लग्नाला जाताना मी कल्याणम म्हणते आणि देवापुढे कल्याण. त्या दोन शब्दांची गाठ पोरीच्या कानात पडत असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

"रोज तेच मागत होतात, मामी," ती तमिळमध्ये म्हणाली. "बालगृहातल्या अक्काला अठरा होताच लग्न करून पाठवलं. भिंतीवरचा कागद मला समितीला दाखवण्यापुरता वाटला. मलाही तसंच पाठवणार, तर अर्ज कशाला भरू?"

मग तिने पिशवीतून घडी घालून मऊ झालेलं एक पत्रक काढलं. शहराबाहेर लांब, ओरगडमच्या बाजूला वसतिगृहात राहून यंत्रदुरुस्तीचा डिप्लोमा. तिची लग्नाची भीती गेली होती, पण पोर माझ्यापासून दूर जाणारच होती. देवापुढे उभं राहून नाही म्हणायला जीभ वळेना. देवळाच्या पायरीवर बसूनच आम्ही फोनवर अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी म्हातारीला शोधायला गेले, तर नेहमीची फुलवाली म्हणाली, माझ्या जागी कोण बसलं होतं मला ठाऊक नाही. मी अधिक खोदून विचारलं नाही.

प्रवेश मिळाल्यावर मी तिला सोडायला गेले, तेव्हा वसतिगृहाच्या दारात पहारेकऱ्याने तिला विचारलं, या कोण? अम्मा म्हणेल, अशी वेडी आशा मनात आली, ती लपवत नाही. कयल म्हणाली, "वीट्टुलेरुंदु वंदिरुक्कांग." घरून आल्यात.

परतीच्या बसमध्ये मी पदराआड पोटभर रडले. संध्याकाळ अजून खायला उठते. तरी मागणं तेच आहे. ते कसं पुरं करायचं, हे देवाला शिकवणं तेवढं सोडलं. ती माझ्याजवळ राहावी, असं मी मागितलं होतं. त्याने तिला जायला वाट दिली, आणि यायला घर.